आवरलेला पलंग

आमच्या ह्यांना स्वतःच्या घरात शिरताना दार वाजवायची सवय आहे. दार सताड उघडं असो, मी समोर उभी असो, हे उंबऱ्याबाहेर थांबणार, मधल्या बोटाच्या पेराने तीनदा टकटक करणार, मनात पाच आकडे मोजणार आणि मगच पाय आत टाकणार. लग्नाला सतरा वर्षं झाली. सुरुवातीला मला हसू यायचं, मग मात्र डोकं फिरायला लागलं. "अहो, घर तुमचं, दार तुमचं, आणि नशीब फुटकं म्हणून बायकोही तुमचीच. परवानगी कुणाची मागताय?" असं मी शंभरदा तरी बोलले असेन. हे नुसते हसायचे.

मी तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगते. मागून कुणाला वाईट वाटायला नको.

हे प्रवासी जहाजावर खोल्या आवरायचं काम करतात. सुट्टी घालवायला लोक ज्या मोठमोठ्या बोटींवर जातात ना, त्यातली एक. ह्यांच्या वाट्याला सोळा खोल्या. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, अशा दोन वेळा आवरायच्या. पलंग घालायचा, न्हाणीघर घासायचं, टॉवेल बदलायचे, कचरा काढायचा. वर्षातले नऊ-दहा महिने समुद्रावर आणि दोन महिने घरी. गल्लीत ह्यांना नावाने कुणी ओळखत नाही, सगळे 'बोटवाले' म्हणतात. "बोटवाले आले का?" "बोटवाले गेले का?" यापलीकडे तिसरा प्रश्न मला आजवर कुणी विचारलेला नाही.

सुट्टीवर आले की पहिला आठवडा हे पलंगावर बसत नाहीत. खुर्चीवर बसतील, जमिनीवर बसतील, पण पलंगावर नाही. बोटीवर नियमच आहे म्हणे, प्रवाशाच्या पलंगावर बूड टेकायचं नाही. कंबर मोडू दे नाहीतर चक्कर येऊ दे, उभ्यानेच सगळं. तो नियम अंगात इतका मुरलाय की घरच्या गादीवर बसायलाही ह्यांना आग्रह करावा लागतो. मग हळूहळू सैलावतात, टकटक कमी होते, एखाद्या दुपारी पेपर वाचता वाचता आडवेही होतात. आणि नेमकी तेव्हाच माळ्यावरून बॅग खाली काढायची वेळ येते.

माझं कोपऱ्यावर झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, स्पायरल बाइंडिंग. ह्यांच्या प्रत्येक नव्या कराराच्या तीन-तीन प्रती मी माझ्या हाताने काढून दिल्यात. मशीनचा उजेड त्या कागदावरून सरकत जायचा आणि मला वाटायचं, आज हे मशीन बिघडेल तर बरं. पण तोंडाने कधी बोलले नाही. जगाला चार शब्द सुनावणारी मी, निघताना ह्यांना फक्त "जपून जा" म्हणायची. "जाऊ नका" हे दोन शब्द सतरा वर्षांत माझ्या जिभेवर आले नाहीत. आधी घराला गरज होती म्हणून आले नाहीत, आणि नंतर सवय नव्हती म्हणून.

या वेळी कंपनीने एकदम तीन वर्षांचा करार पुढे केला. तीन वर्षांत आमची भिंगरी सोळाची होईल. भिंगरी म्हणजे आमची लेक, घरात एका जागी ठरत नाही म्हणून हे नाव. पण बाप समोर आला की तीच भिंगरी गपगार. "अभ्यास कसा चाललाय?" "बरा." "जेवलीस?" "हो." झालं बोलणं. तेवढ्यात कंपनीकडूनच कळलं, जुन्या कामगाराला एकदा आपलं कुटुंब बोटीवर आणता येतं, जवळजवळ फुकटात. मी मनाशी ठरवून टाकलं. जायचं, आणि ह्यांच्या समोर बसून सांगायचं, की सही करू नका, घरी या. सासूबाईंनाही घेतलं बरोबर. त्यांना कानाने कमी ऐकू येतं, पण मुलगा कुठे काम करतो ते डोळ्यांनी बघायचं होतं.

कसलं समोर बसणं! बोटीवर पाऊल ठेवलं आणि कळलं, की प्रवाशाने आणि कामगाराने एका टेबलाशी बसायचं नाही. आम्ही वरच्या मजल्यावर खिडकीतून समुद्र बघत जेवायचो आणि हे बोटीच्या पोटात, पाण्याच्या पातळीखाली कुठेतरी. पहिल्या सकाळी नऊला आमच्या दारावर तीनदा टकटक झाली. मी ओळखलीच. दार उघडलं तर हे! अंगात गणवेश, छातीवर नावाची पट्टी, हातात टॉवेलांची चवड. मी काही बोलणार, तोच म्हणाले, "गुड मॉर्निंग मॅडम." मागून त्यांचा साहेब येत होता.

मॅडम! पुढची दहा मिनिटं मी आणि सासूबाई भिंतीला टेकून उभ्या, आणि हे आमच्या न्हाणीघरात गुडघ्यांवर बसून घासतायत. सासूबाईंना राहवेना. बोळातून जाणाऱ्या येणाऱ्याला हाताने दाखवून त्या सांगत होत्या, "माझा मुलगा. हा माझा मुलगा." ऐकणाऱ्यांना काय कळणार? ते हसून पुढे जायचे.

नवऱ्याने आपला संडास घासायचा आणि आपण गादीवर लोळायचं, हे माझ्याच्याने होणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी सहालाच उठले. तिन्ही पलंग आवरले, चादरीचे कोपरे खोचले, बेसिन पुसलं, टॉवेल घडी करून ठेवले. नऊला टकटक झाली. ह्यांनी दारातून पलंगाकडे पाहिलं, म्हणाले, "झालं वाटतं," आणि गेले. संध्याकाळीही तेच, तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच. मला आपलं वाटलं, चला, बिचाऱ्यांची एक खोली तरी वाचली.

पाचव्या दिवशी बोट एका बंदराला लागली. ह्यांना नऊ ते तीन मोकळीक मिळाली होती. सहा तास! त्या कराराचा कागद ह्यांच्या खिशातच होता आणि संध्याकाळी सहाच्या आत तो सही करून बोटीवरच्या ऑफिसात द्यायचा होता. सही करायची नसेल तर द्यायचा नाही, एवढंच. म्हणजे जे काय बोलायचं ते याच सहा तासांत. भिंगरीने वेगळी यादी केली होती, त्यात समुद्रात डुंबणं होतं, डोंगरावर जाणारा रोपवे होता आणि टोप्यांची दुकानं होती. हे म्हणाले, "जाऊ की. आधी एक जागा दाखवतो."

धक्क्यावरून रस्ता चढत होता. दोन्ही बाजूंना दुकानं, बाहेर टांगलेल्या टोप्या, पिशव्या, रंगीत छत्र्या. रस्ता ह्यांच्या पायाखालचा, पण हे चालतायत आमच्या मागे, दोन पावलं सोडून. "अहो, पुढे व्हा की! वाट तुम्हाला ठाऊक, आम्ही काय वासावरून जाऊ?" म्हटलं की चार पावलं पुढे यायचे आणि परत मागे. समोरून कुणी प्रवासी आला की हे भिंतीला चिकटून उभे राहायचे, मान जराशी खाली. तीनदा झालं, चारदा झालं. भिंगरीने माझ्या कानात विचारलं, "आई, बाबा सगळ्यांना वाट का देतात?" मी म्हटलं, "नीट चाल, खाली बघ." दुसरं काय सांगणार होते?

एका लॉन्ड्रीपाशी हे थांबले. आत मोठी यंत्रं धडधडत होती. लॉन्ड्रीवाली बाई काउंटरवरून बाहेर आली, ह्यांना बघून हसली, भिंगरीला बघून आणखी हसली आणि हाताने जमिनीपासून एकेक वीत उंची दाखवत गेली, एवढी, मग एवढी, मग एवढी. तिची भाषा आम्हाला येत नव्हती, पण कळलं. ह्यांनी दर वर्षी तिला लेकीचा फोटो दाखवला होता.

बाजूने अरुंद जिना होता. वर एक दार. ह्यांनी खिशातून किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि दार ढकलून सरळ आत गेले.

टकटक केली नाही. मी जिन्यातच थबकले. सतरा वर्षांत पहिल्यांदा मी ह्यांना न विचारता कुठल्यातरी दारातून आत जाताना पाहिलं. नाकाला मिरच्या झोंबल्या म्हणा, काही म्हणा, मला त्या खोलीचा राग आला.

"अगं आई! ही तीच भिंत!" आतून भिंगरी ओरडली.

तीच होती. हिरवी भिंत, वरच्या कोपऱ्यात पोपडा उडालेला, एक खुंटी, खुंटीवर निळी पिशवी. दर दहा दिवसांनी फोनवर ह्यांच्या डोक्यामागे दिसायची ती भिंत. मी आजवर समजत होते ती बोटीवरची. बोट दर दहा दिवसांनी याच बंदराला लागते, आणि बोटीवरच्या सहा जणांनी मिळून ही खोली कायमची घेऊन ठेवलीय. कुणी इथे येऊन भात शिजवतं, कुणी झोपतं, कुणी घरी फोन लावतं. आज पाच जणांनी ती ह्यांच्यासाठी मोकळी सोडली होती. "बाहेर फिरताना बोलता येत नाही," हे म्हणाले, "म्हटलं, दिवसभर का होईना, चौघं एका घरात राहू."

ज्या खुर्चीत बसून हे फोन लावायचे, ती खिडकीपाशी होती. मी तिच्यात बसून पाहिलं. सांगायला लाज वाटते, पण माझी एक जुनी तक्रार होती. फोनवर बोलताना ह्यांची नजर मधूनच वर जायची. मी चिडायची. "माझ्याशी बोलताय की भिंतीवरची पाल मोजताय?" मनात तर नाही नाही ते येऊन गेलं होतं, त्या लॉन्ड्रीवाल्या बाईसारखीच कुणीतरी समोर उभी असेल इथपर्यंत. आता त्या खुर्चीत बसून मी मान वर केली. समोर खिडकी, खिडकीत बंदर, आणि बंदरात ह्यांची बोट. दर दोन मिनिटांनी हे ती जागेवर आहे ना, तेवढंच बघत होते.

मी उठले आणि शेगडी पेटवली.

भात टाकला, बटाटे चिरले. हे मीठ काढून द्यायला लागले तर म्हटलं, "राहू द्या, मी करते." जेवताना हे लोखंडी खाटेवर मांडी घालून, भिंतीला पाठ टेकून बसले होते. कुणी न सांगता! बोटं चाटूनपुसून जेवले. मी भांडी घासायला घेतली आणि पाठमोरी राहून मनात वाक्य जुळवू लागले. 'अहो, मी काय म्हणते.' नको. 'हे बघा, आता पुरे झालं.' हे बरं होतं. हात पुसून वळले, तर हे झोपलेले. तोंड उघडं, एक हात छातीवर, ढाराढूर. साडेअकरा वाजले होते.

"आता?" भिंगरी रडवेली झाली. "रोपवे?"

"झोपू दे."

"आपण फिरायला आलोय ना?"

"भिंगरे, झोपू दे म्हटलं ना!"

सासूबाईंनी सतरंजी ओढली आणि म्हणाल्या, "लहानपणी अस्साच झोपायचा. तोंडात माशी गेली तरी कळायचं नाही." मग त्यांनाही डुलकी लागली. माझा जीव मात्र वरखाली. घड्याळाचा काटा पुढे सरकतोय, कागद ह्यांच्या खिशात, तीन वर्षं त्या कागदात, आणि मी खुर्चीत बसून नवऱ्याच्या झोपेची राखण करतेय. उठवावं तर हात पुढे होईना. सोळा खोल्या दोनदा आवरणारा माणूस, याला दुपारची झोप शेवटची कधी मिळाली असेल?

भिंगरी आधी फुरंगटून खिडकीशी बसली. मग हळूच खाटेजवळ सरकली. बाप जागा असताना तिने कधी त्याच्याकडे धड पाहिलं नव्हतं, आता मात्र अगदी वाकून निरखून बघत होती. नखं न्हाणीघर घासायच्या औषधाने पांढरी पडलेली. तळवे खरखरीत. तिने मला खुणेने बोलावलं. ह्यांच्या मधल्या बोटाच्या पेरावर घट्टा होता, सुपारीएवढा, पिवळट. "हे कशाने?" तिने कुजबुजत विचारलं.

"दारं वाजवून वाजवून."

तिने त्या घट्ट्यावर आपलं बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं.

दोन वाजता खालच्या लॉन्ड्रीतल्या यंत्राची कर्कश घंटी वाजली. हे ताडकन उठले. डोळे उघडे, पण जाग नाही. खाटेवरून उतरले, बसलेली जागा हाताने साफ केली, चादरीचा कोपरा भराभर खोचला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "सॉरी मॅडम, दोन मिनिटांत करतो."

भिंगरी खुदकन हसली. पण तिचं हसू लगेच विरलं. आणि मी? मी रडले. चारचौघांत नाही, देवळाच्या दारात नाही, कुणाच्या मयताला नाही, पण त्या हिरव्या भिंतीसमोर मी लहान पोरासारखी भोकाड पसरून रडले. जुळवलेली वाक्यं गेली कुठल्या कुठे.

"सही करू नका," मी म्हटलं. "घरी या. तुमच्यावाचून मला करमत नाही. सतरा वर्षं नाही करमत. झालं? बोलले एकदाची!"

हे खाटेच्या कडेशी उभे. मग म्हणाले, "घरी येऊन करू काय?"

"म्हणजे?"

"मला घरात साखरेचा डबा सापडत नाही. मागच्या सुट्टीत चहा करायला गेलो, तर तीन डबे उघडले, तिन्हींत डाळी. तू आलीस, म्हणालीस, राहू द्या, मी करते. भिंगरीची शाळा कुठल्या दिवशी लवकर सुटते ते तुला ठाऊक, आईच्या गोळ्या तुला ठाऊक. माझ्यावाचून तुमचं सगळं नीट बसलेलं आहे. बोटीवर सोळा खोल्या माझ्यावाचून अडतात गं. घरी एक चमचासुद्धा अडत नाही."

"काहीतरीच काय बोलता!"

"काहीतरी नाही. तुमची खोली माझ्याकडे नव्हती. माझ्या कामावरच्या जोडीदाराच्या हातापाया पडून मी ती बदलून घेतली. म्हटलं, आयुष्यभर परक्यांचे पलंग घातले, एकदा आपल्या माणसांचा घालू. तुम्ही रात्री त्यात झोपाल. आणि दुसऱ्या दिवसापासून रोज दार उघडतो तर काय, पलंग आवरलेला. मला वाटलं, इथेही नको आहे मी."

"अहो," मी म्हटलं, "मी तर तुमचे हात वाचावेत म्हणून..."

"माहीत आहे. आता कळलं."

तेवढ्यात सासूबाई जाग्या झाल्या. "काय म्हणतोय गं तो?"

मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "म्हणतात, आपण त्यांना घरात काम करू देत नाही!"

"मग दे की!" त्या म्हणाल्या. "मी सांगून सांगून थकले तेव्हा याने कधी ताटली उचलली नाही. आता अक्कल आली असेल तर दे, घालवू नको!"

त्या रडारडीतही आम्ही सगळे हसलो. हेसुद्धा. पण सहीचं काही बोलले नाहीत. खिशावर एकदा हात ठेवला, खिडकीतून बोटीकडे पाहिलं, म्हणाले, "सव्वादोन झाले. निघायला हवं."

दाराला कुलूप लागलं. उतारावरून आम्ही परत निघालो. हे पुन्हा मागे पडले, दोन पावलं. भिंगरी माझा हात सोडून थांबली, त्यांना गाठू दिलं, आणि त्यांच्या बरोबरीने चालू लागली. समोरून प्रवाशांचा घोळका आला. हे भिंतीला लागले, तर तीही लागली. रोपवे डोक्यावरून जात होता. तिने वर पाहिलंसुद्धा नाही.

धक्क्यावर आमचा दरवाजा वेगळा, ह्यांचा वेगळा, खालचा, लहान. जाताना हे वळले. मला वाटलं आता काही बोलतील. मान वाकवून आत शिरले.

पाच वाजता बोट सुटली. मी खोलीत बसून होते. सकाळी मी स्वतः आवरलेले ते तीन पलंग समोर, चादरीवर सुरकुती नाही, कोपरे खोचलेले. माझ्याच हातच्या त्या घड्या मला बघवेनात. साडेपाच झाले. सहा झाले. ऑफिस बंद झालं असणार. कागद गेला की राहिला, काही कळायला मार्ग नाही.

मी उठले आणि पहिली चादर खसकन ओढली.

"आई?" भिंगरी म्हणाली.

"चढ पलंगावर. उड्या मार."

"काय?"

"उड्या मार म्हणते ना! बुटांसकट!"

पोरीला दोनदा सांगावं लागलं नाही. मी उशा भिरकावल्या, धुतलेले टॉवेल भिजवून जमिनीवर टाकले, पावडर बेसिनभर सांडली. सासूबाईंनी क्षणभर आ वासून बघितलं, मग काय वाटलं कोण जाणे, आपली उशी उचलून दाराकडे फेकली. कुणी बघितलं असतं तर तिघींना वेड लागलंय म्हणून साखळदंड आणले असते. दार आपोआप बंद होतं, म्हणून भिंगरीने त्यात चप्पल अडकवून ठेवली.

साडेसहाला टकटक झाली. तीनदा. "उघडंच आहे," म्हटलं, "आत या."

हे दारात उभे राहिले. त्यांनी पलंग पाहिले, टॉवेल पाहिले, पावडर पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. चेहरा असा झाला, की मला बघवेना आणि नजरही काढवेना.

मी हात मांडीखाली दाबून बसले. खरं सांगते, हात शिवशिवत होते, पण उठले नाही. ह्यांनी चादर झटकली. ती एकदाच वर गेली आणि बरोबर जागेवर उतरली. कोपरा उचलायचा, दुमडायचा, आत सारायचा, एका हाताने गादी उचलायची, दुसऱ्याने ताण द्यायचा. कुठे घाई नाही, कुठे थांबणं नाही. किती सुंदर काम करतात हे! सतरा वर्षं संसार केला आणि मला ठाऊक नव्हतं. उशी थोपटली आणि कुणाचं तरी डोकं ठेवावं तशी अलगद ठेवली. न्हाणीघरातून ब्रशचा आवाज येत होता आणि भिंगरी दाराशी उभी राहून विचारत होती, "बाबा, हे पांढरं औषध कसलं? मी करू? तो कोपरा कसा करतात, परत दाखवा ना."

सगळं झालं. शेवटच्या पलंगाची चादर ह्यांनी तळव्याने एकदा सरळ केली. बोळात पाहिलं. आणि मग बूट काढले, आणि त्या पलंगावर बसले.

"कागद?" मी विचारलं.

ह्यांनी खिशातून काढला. चार घड्या, सकाळी होता तसाच. "ऑफिस सहाला बंद झालं," म्हणाले.

भिंगरी शेजारी जाऊन बसली, त्यांना टेकून. चार-पाच मिनिटं दोघं तसेच बसले. मग हे उठले, बूट घातले, बसलेल्या जागेची सुरकुती काढली आणि गेले. अजून अकरा खोल्या बाकी होत्या.

जुन्या कराराचे चार महिने उरलेत, ते पुरे करूनच येतील. आम्ही परत येऊन दोन आठवडे झाले. पहिल्याच दिवशी मी दुकानातून लॅमिनेशन केलेल्या पट्ट्या आणल्या, आता घरातल्या एकूण एक डब्यावर नाव आहे. साखरेची पट्टी भिंगरीने स्वतः लिहिली, एवढी मोठी, की आंधळ्यालाही दिसावी. परवा फोन आला. मागे हिरवी भिंत. बोलता बोलता ह्यांची नजर वर गेली. मी म्हटलं, "आहे का जागेवर?" हे म्हणाले, "आहे." आणि पुन्हा माझ्याकडे बघायला लागले.

एक सांगायचं राहिलं. आमच्या पलंगावर चादर नाही. धुऊन, घडी करून उशाशी ठेवलीय, आणि मी आपली नुसत्या गादीवर झोपते. गादीचा काथ्या टोचतो, पाठीवर वळ उठतात. सासूबाई म्हणतात, "अगं, वेड लागलंय का? चार महिने अशीच झोपणार? घाल की चादर!"

मी त्यांच्या कानाशी ओरडून सांगते, "ते काम माझं नाही!"